काजव्यांआधी लशीचा हिशेब

मे-जूनमध्ये काजवे पाहायला भंडारदऱ्याला जायचं, तर सक्तीची लस एकही नाही. पण धनुर्वाताचा शेवटचा डोस कधी घेतला, ते आठवून पाहा. १० वर्षं उलटली असतील तर घ्याच. रतनगडाच्या वाटेवर खरचटणं ठरलेलंच. टायफॉइड, हिपॅटायटिस-एच्या लशी निघण्याआधी किमान २ आठवडे घ्याव्या लागतात. शनिवार-रविवारच्या मुक्कामासाठी एवढी धावपळ कशाला? उकळलेलं पाणी आणि गरम पिठलं-भाकरी बरी. कुत्रं किंवा माकड चावलं, तर मात्र जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. सर्पदंशावर आगाऊ लस नसते. काजव्यांसाठी विजेरी विझवलीत, तरी पायात बूट हवेतच.