सिस्टिम कॉलच्या अनुकरणातील अवैध सॉकेट-पत्ता पॉइंटर : एक विवेचन

प्रस्तावना :
एका प्रकारच्या प्रोसेसरसाठी तयार केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर चालविणाऱ्या आज्ञावलीस अनुकरणक (एम्युलेटर) म्हणतात. फॅब्रिस बेलार्ड यांनी विकसित केलेले 'क्यूईएमयू' हे त्याचे सुपरिचित उदाहरण होय. त्याच्या युजर-मोडमध्ये 'पाहुण्या' प्रोग्रॅमच्या सूचनांचे भाषांतर होते; सिस्टिम कॉल मात्र 'यजमान' कर्नेलकडे सोपविले जातात. त्या वेळी सॉकेट-पत्त्याचा पॉइंटर अवैध निघाल्यास काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समस्येचे स्वरूप :
पॉइंटर म्हणजे मेमरीतील जागा दर्शविणारी संख्या. पाहुण्याने दिलेली संख्या यजमानाकडे तीच जागा दर्शवील असे नाही. शिवाय दोन्ही यंत्रांचा बाइटक्रम भिन्न असल्यास पत्त्याचा प्रकार सांगणारे पहिले २ बाइट उलटावे लागतात. म्हणून अनुकरणकास ती मेमरी स्वतःच वाचावी व लिहावी लागते. अवैध पॉइंटर मिळाल्यास लिनक्स कर्नेल केवळ त्रुटी-क्रमांक परत करतो. अनुकरणकाने तपासणीविना ती जागा हाताळल्यास संपूर्ण प्रक्रियाच कोसळू शकते.

हाताळणीची रीत :
'अ‍ॅक्सेप्ट' या कॉलमध्ये पत्ता लिहिण्याची जागा आणि त्या जागेची लांबी, असे दोन पॉइंटर येतात. त्यांची तपासणी पुढील क्रमाने होते :
१) पत्त्याचा पॉइंटर शून्य असल्यास ती त्रुटी नव्हे; प्रोग्रॅमला पत्ता नको आहे, एवढाच त्याचा अर्थ.
२) लांबीचा पॉइंटर अवैध असल्यास 'ईफॉल्ट' (१४) परत करावा.
३) लांबी ऋण असल्यास 'ईइनव्हॅल' (२२) परत करावा, अन्यथा तात्पुरत्या जागेची मागणीच चुकीची ठरते.
४) त्या लांबीची जागा लेखनयोग्य नसल्यास पुन्हा 'ईफॉल्ट'.
क्यूईएमयूच्या पूर्वीच्या आवृत्त्यांत दुसऱ्या स्थितीत 'ईइनव्हॅल' परत केला जाई. पुढे ही चूक सुधारण्यात आली.

निष्कर्ष :
हा फरक क्षुल्लक नाही. 'ईइनव्हॅल' मिळालेला प्रोग्रॅम सॉकेटच ऐकण्याच्या स्थितीत नाही असे समजू शकतो, आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. म्हणून यशस्वी कॉलइतकेच अयशस्वी कॉलचे अनुकरणही अचूक असणे अगत्याचे आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थ्यांकडून हेतुतः अवैध पॉइंटर देऊन ही पडताळणी करून घेणे उपयुक्त ठरेल.