चंचल मुलाची शाळा

मूल चंचल असलें म्हणजे त्यास शाळेंत घालण्याच्या वेळीं घरोघर एकच वाद रंगतो. आजोबा म्हणतात, पोर हूड आहे, जवळच्या महापालिकेच्या शाळेंत घाला, आपोआप वळण लागेल. आईला वाटतें, फी भारी पडली तरी खासगी शाळाच बरी. दोघांचेंहि लक्ष शाळेच्या पाटीवर असतें. वर्गांत काय चालतें, हा प्रश्न मागेंच राहतो.

लक्ष न ठरणें, हातपाय स्वस्थ न राहणें, प्रश्न पुरा होण्याआधींच उत्तर देणें, हीं लक्षणें वयाच्या मानानें फार असलीं, दीर्घकाळ टिकलीं व घरीं आणि शाळेंत दोन्ही ठिकाणीं दिसलीं, तर वैद्यकांत त्यांस ‘एडीएचडी’ म्हणतात. लंडनचे बालवैद्य जॉर्ज स्टिल यांनीं १९०२ सालीं अशा मुलांविषयीं व्याख्यानें दिलीं. त्यांतील कित्येकांच्या बुद्धींत उणीव नाहीं, हें त्यांच्या तेव्हांच ध्यानांत आलें होतें. निदान मात्र तज्ज्ञानेंच करावें. शेजारणीचा अदमास त्या कामीं उपयोगाचा नाहीं.

अशा मुलास शिकावयाचें नसतें असें नव्हे. एका जागीं बसून लांबलचक धडा ऐकणें त्यास जड जातें. दहा गणितें एकदम न देतां तीन-तीन दिलीं, पुढच्या बाकावर बसविलें, मध्यें खडू आणण्याच्या निमित्तानें उठूं दिलें, कीं तेंच मूल पुष्कळ काम करतें. यास पैसा लागत नाहीं. शिक्षकास सवड लागते, आणि ती वर्गाच्या पटावर अवलंबून असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें पहिली ते पांचवीसाठीं ३० मुलांमागें एक शिक्षक हें प्रमाण ठरविलें आहे. तरीहि शहरांतील नांवाजलेल्या खासगी शाळेच्या एका वर्गांत पन्नास मुलें आढळणें नवलाचें नाहीं. उलट मुंबईंत मराठी माध्यमाच्या महापालिका शाळांचा पट गेल्या कांहीं दशकांत घटला असल्यानें तेथें लहान वर्ग मिळूं शकतो. मात्र तेथील शिक्षकास निवडणूक व जनगणना यांच्या कामावर धाडतां येतें, आणि बाई बदलल्या कीं अशा मुलाची बसलेली घडी विस्कटते.

माध्यमाचाहि विचार हवा. घरीं मराठी बोलणाऱ्या चंचल मुलास इंग्रजी माध्यमांत दुहेरी ओझें: आधीं शब्द समजून घ्यावयाचा, मग लक्ष टिकवावयाचें. त्यांत तासाभराचा बसचा प्रवास जोडला, तर संध्याकाळीं अभ्यासाला मूल उरतच नाहीं.

खरी भीति निराळी आहे. कांहीं शाळा निकालाच्या चिंतेनें ‘दुसरीकडे न्या’ असें हळूच सुचवितात, आणि आईबाप लाजेनें दाखला काढतात. वस्तुतः आठवी पुरी होईपर्यंत मुलास शाळेंतून काढून टाकण्यास वरील कायद्याची मनाई आहे. मारहाण व मानसिक छळ यांसहि आहे. मात्र अल्पसंख्याकांच्या शाळांस हा कायदा लागू नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला. मिशनच्या शाळेचा अर्ज भरणाऱ्यानें हें आधींच ध्यानांत घ्यावें.

शाळा पाहावयास जावें तें स्नेहसंमेलनाच्या दिवशीं नव्हे, साध्या दिवशीं, मधल्या सुटीनंतर. मुख्याध्यापकांपेक्षां पहिलीच्या बाईंस विचारावें, ‘एखादें मूल सारखें उठत असलें तर आपण काय करतां?’ ‘कोपऱ्यांत उभें करतें,’ असें उत्तर आलें, तर इमारत कितीहि देखणी असो, पुढें जावें. ‘त्यालाच वह्या वांटावयास सांगतें,’ म्हणणाऱ्या बाई जेथें भेटतील, तेथें पाटीचा विचार मागाहून करावा. खासगी शाळांचे प्रवेश बहुधा जूनच्या पुष्कळ आधीं उरकतात. तेव्हां ही फेरी दिवाळीच्या सुमारासच घालावी.