वरातीतला बेंजो आणि कानातल्या तारा

लग्नसराईत देवपूरच्या कॉलन्यांतून वरात निघाली, की नाचणाऱ्यांच्या आधी कानावर येतो तो बेंजो. हा बेंजो म्हणजे खरे तर बुलबुलतरंग. टाइपरायटरसारखी बटणे, खाली तारा. त्याला पिकअप बसवला की तो इलेक्ट्रिक गिटारचा चुलतभाऊ होतो, आणि गिटारवाल्यांची इफेक्ट पेडल्स त्यालाही चालतात. आवाज खरखरीत करणारे डिस्टॉर्शन, घुमवणारा इको.

ही पेडल्स बहुधा एकापुढे एक, म्हणजे एकसर जोडली जातात. तारेचा सूर डिस्टॉर्शनमधून इकोत आणि तिथून ॲम्प्लिफायरला जातो. मग खरखरीचाच प्रतिध्वनी घुमत राहतो आणि मूळ छेड त्यात बुडते. समांतर जोडणीत सूर आधीच दोन वाटांनी फोडतात. एका वाटेवर पेडल, दुसरी अगदी कोरी, आणि शेवटी मिक्सरमध्ये दोन्ही एकत्र. छेड शाबूत राहते. एखादे पेडल लहर उलटी करत असेल तर मात्र दोन वाटांचे आवाज एकमेकांना खातात आणि सूर पातळ पडतो. ते जोडणाऱ्याने आधी तपासायला हवे.

यात डॉक्टरांचा संबंध काय? वाजवणाऱ्याला गोंगाटात स्वतःचा सूर सापडेना, की त्याचा हात आवाज वाढवायला जातो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास ही कामगारांसाठी मानलेली मर्यादा. दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. वरात १५ मिनिटांत कधी आटोपते?

कानातही या दोन्ही जोडण्या आहेत. नळी, पडदा, तीन इवलीशी हाडे ही एकसर साखळी. मळ साचला, पडद्याला भोक पडले की लगेच कमी ऐकू येते. माणूस दवाखान्यात येतो आणि बहुतेकदा बराही होतो. पुढे आतल्या कानात मात्र सगळे समांतर. प्रत्येक कानात सुमारे ३,५०० आतल्या केसपेशी, आणि एकेका पेशीला दहा-वीस चेतातंतू. त्यातले बरेच तुटले तरी शांत खोलीतली बारीक शिट्टी ऐकू येतेच. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. ऐकण्याची क्षमता काही दिवसांत पूर्ववत झाली, पण उंच सुरांच्या भागातले जवळपास निम्मे चेतासांधे कायमचे गेले होते. माणसांत हे किती घडते, यावर संशोधकांचे अजून एकमत नाही.

तक्रार मात्र ओळखीची आहे. ‘ऐकू येस, पन समजत नही.’ ऑडिओमेट्रीचा आलेख चांगला, आणि बाजारात समोरच्याचे बोलणे कळत नाही. अशा वेळी आलेखावर समाधान मानू नये. आपण काय वाजवतो, किती तास वाजवतो हे डॉक्टरांना सांगावे, आणि गोंगाटात शब्द ओळखण्याची चाचणी जिथे होते तिथे ती करून घ्यावी.

वाजवणाऱ्याने स्पीकरच्या तोंडासमोर बसू नये, फोमचे बोळे कानात नीट आत सरकवावेत. कापसाच्या बोळ्याने फारसे काही अडत नाही. कोरी वाट मिक्सरमध्ये थोडी वर ठेवली तर बोळे असूनही छेड कळते. वरातीनंतर रात्रभर कानात शिट्टी वाजत राहिली, तर पुढची सुपारी घेण्याआधी कान तपासून घ्यावेत.