वसईत गुरुत्वत्वरण किती?

गुरुत्वत्वरण विचारले की विद्यार्थी चटकन ‘९.८’ म्हणतात. प्रयोगवहीतही तेच लिहिलेले आढळते, कारण उत्तर आधीच ठाऊक असते. पण खरोखर मोजले तर काय मिळेल?

समजा, वसईतल्या एखाद्या शाळेच्या गॅलरीतून ५ मीटर खाली पोलादी गोळी सोडली. अंतर = १/२ × त्वरण × (वेळ)² या सूत्राप्रमाणे तिला १.०१ सेकंद लागेल. स्टॉपवॉच बंद करायला ०.१ सेकंद उशीर झाला, तर त्वरण ८.१ मीटर प्रतिसेकंद² येते. तेवढीच घाई झाली, तर १२.१. वेळेचा वर्ग करावा लागत असल्याने तिच्यातील चूक उत्तरात जवळपास दुप्पट होते. गॅलिलिओलाही पडणाऱ्या वस्तूचा वेळ मोजणे कठीण होते. म्हणून त्याने उतारावरून गोळे घरंगळत सोडून गती मंद केली.

आज मोबाईलच्या कॅमेऱ्याने ही अडचण दूर होते. भिंतीला उभ्या टेकवलेल्या मापनपट्टीलगत गोळी सोडा आणि चित्रण करा. सेकंदाला ३० चित्रे असतील, तर दर तिसऱ्या चित्रात ०.१ सेकंदाचे अंतर असते. समजा, लागोपाठच्या अशा कालखंडांत गोळी १२.०, २१.८, ३१.५ आणि ४१.३ सेंटिमीटर पडली. दर वेळची वाढ ९.८, ९.७, ९.८, म्हणजे सरासरी ९.७७ सेंटिमीटर. ०.०९७७ मीटरला (०.१)² ने भागले की त्वरण ९.७७ येते. गोळी नेमकी कधी सुटली, हे जाणण्याची गरजच नाही. आरंभीचा वेग प्रत्येक कालखंडात सारखीच भर घालतो, म्हणून वजाबाकीत तो निघून जातो.

मग अपेक्षित उत्तर किती? पृथ्वीचे परिवलन आणि ध्रुवांकडील चपटेपणा यांमुळे हे त्वरण विषुववृत्तावर ९.७८०, तर ध्रुवांवर ९.८३२ असते. वसई सुमारे १९.४ उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीलगत आहे; तेथे ते ९.७८६ च्या आसपास येते. ९.७८६ आणि ९.८ यांतला फरक आपल्या प्रयोगात दर कालखंडामागे जेमतेम ०.१ मिलिमीटर दिसेल. साध्या पट्टीवर तो वाचता येत नाही. म्हणून ‘९.८’ एवढेच लिहिणे योग्य.

स्टॉपवॉचने ८.१ मिळवून तेच वहीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकांनी चुकीचे ठरवू नये. त्याने मोजले आहे. आता चूक कुठून आली, हे त्यालाच शोधू द्यावे.