निकोटीन तेच, वाट संथ

पाणबुडीत सिगारेट ओढता येत नाही. १९६०च्या दशकात स्वीडनच्या पाणबुड्यांवरचे धूम्रपान करणारे खलाशी त्यावर एक उपाय करत. समुद्रात असेपर्यंत ते तंबाखू तोंडात धरत. किनाऱ्यावर आले की पुन्हा सिगारेट. लुंड विद्यापीठातले डॉक्टर क्लास लुंडग्रेन यांनी हे टिपलं. विमानात आणि पाण्याखाली माणसाच्या शरीराचं काय होतं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. धूर नसतानाही ही माणसं तग धरतात, याचा अर्थ शरीर धूर मागत नसून निकोटीन मागतंय, असं त्यांना वाटलं. डिसेंबर १९६७ मध्ये त्यांनी हेल्सिंगबोर्गच्या ‘लिओ’ या औषध कंपनीतले संशोधनप्रमुख उवे फेर्नो यांना पत्र लिहिलं. निकोटीन तोंडावाटे देऊन सिगारेट सोडवता येईल का, असा त्या पत्राचा आशय होता. फेर्नो स्वतः पट्टीचे सिगारेट ओढणारे होते, त्यामुळे पत्र योग्य माणसाच्या हाती पडलं असं म्हणायला हरकत नाही.

आज औषधाच्या दुकानात मिळणारी निकोटीनची गोळी, म्हणजे च्युइंगगम, त्या पत्रातून जन्माला आली. पण पत्र आणि गोळी यांच्यामध्ये बरीच वर्षं गेली, कारण वाटेत रसायनशास्त्राच्या दोन अडचणी होत्या.

पहिली अशी, की निकोटीन नुसतंच गममध्ये मिसळलं तर चार चावे घेताच ते सगळं बाहेर येतं, घसा जळतो आणि पुढे रबर उरतं. त्यासाठी फेर्नोंच्या गटाने निकोटीन एका रेझिनला बांधून टाकलं. चावताना लाळेतले सोडियमचे आयन रेझिनवर जागा घेतात आणि निकोटीन थोडंथोडं सुटत राहतं. चावणं थांबलं की सुटणंही मंदावतं. दुसरी अडचण लाळेची. निकोटीन हे अल्कधर्मी द्रव्य. आम्लधर्मी लाळेत त्याच्या रेणूवर विद्युतभार येतो, आणि भारित रेणूला गालाच्या आतल्या त्वचेतून पलीकडे जाता येत नाही. म्हणून गममध्ये सोड्याच्या जातीचे क्षार घालावे लागले. त्यांनी लाळ अल्कधर्मी झाली, रेणूवरचा भार उतरला आणि निकोटीन रक्तात शिरू लागलं.

तंबाखूची चिमूट तळहातावर घेऊन, तिला चुना लावून अंगठ्याने मळणाऱ्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. चुना तेच काम करतो. ‘चुन्याशिवाय तंबाखू लागत नाही’ हे वाक्य शुद्ध रसायनशास्त्र आहे. आपल्याकडे ते चंचीत होतं, प्रयोगशाळेत पोहोचायला वेळ लागला एवढंच.

ही गोळी औषध म्हणून सर्वांत आधी १९७८ मध्ये स्वित्झर्लंडने मान्य केली, अमेरिकेने १९८४ मध्ये. त्या दरम्यान ‘हे औषध की व्यसन?’ हा प्रश्न अनेकांना पडला होता, आणि तो अजूनही पडतो. व्यसन निकोटीनचं, आणि उपचारही निकोटीनचाच. मग सुटलं काय?

याचं उत्तर सेकंदांत आहे. सिगारेटचा झुरका फुप्फुसात गेला की तिथल्या अफाट पृष्ठभागावरून निकोटीन रक्तात उतरतं आणि १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचतं. शिरेत सुई टोचूनही याहून झटपट पोहोचवणं अवघड. मेंदूत त्याला बसायला ठरावीक रिसेप्टर आहेत, आणि ते भरले की डोपामाइन सुटतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, मेंदूच्या स्कॅनवर आधारलेल्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं की एक-दोन झुरक्यांतच यातले निम्मे रिसेप्टर भरतात आणि पूर्ण सिगारेटीत ८८ टक्के. एका सिगारेटीचे साधारण दहा झुरके धरले तर रोज एक पाकीट ओढणारा माणूस दिवसाला दोनशे वेळा मेंदूला हा धडा शिकवतो: झुरका घेतला की बरं वाटतं. वर्षानुवर्षं. मेंदू त्याला सरावतो, रिसेप्टरांची संख्या वाढवतो, आणि मग ते रिकामे राहिले की माणूस बेचैन होतो. रक्तातलं निकोटीन दर दोनेक तासांनी निम्मं होतं. रात्रीच्या झोपेत ते जवळजवळ संपतं. म्हणूनच उठल्याउठल्या पहिली सिगारेट किती मिनिटांत पेटवता, हा एकच प्रश्न व्यसनाची खोली बऱ्यापैकी सांगून जातो. कार्ल-ओलोव फागरस्ट्रॉम या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या नावाची प्रश्नावली जगभर वापरतात, तिच्यात या प्रश्नाला मोठं वजन आहे. पाच मिनिटांच्या आत पेटवत असाल तर व्यसनाची पकड घट्ट आहे.

गोळीतलं निकोटीन मेंदूत याच रिसेप्टरांवर बसतं, पण हळूहळू. रक्तातली पातळी चढायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि ती सिगारेटीच्या पातळीच्या निम्म्याच्या आतबाहेर राहते. तलफ बोथट होते, चिडचिड कमी होते, पण किक बसत नाही. गोळी घेणारे बहुतेक जण हीच तक्रार करतात, ‘मजा येत नाही.’ माझ्या मते या औषधाचा खरा गुण तोच आहे. ज्या वेगाने व्यसन घडलं तो वेग काढून घेतला, की मेंदूचा तो धडा हळूहळू पुसायला वाव मिळतो. सिगारेट सोडल्यावर वाढलेले रिसेप्टर काही आठवड्यांपासून तीनेक महिन्यांत न ओढणाऱ्या माणसाच्या पातळीवर येतात. गोळीचा कोर्स साधारण बारा आठवड्यांचा ठेवतात, तो या हिशोबाशी जुळतो.

आणि कॅन्सरचं काय? सिगारेट जीव घेते ती मुख्यतः धुरातल्या डांबरामुळे, कार्बन मोनॉक्साइडमुळे आणि कर्करोगकारक रसायनांमुळे. लंडनचे मायकेल रसेल यांनी हे १९७६ मध्येच स्वच्छ मांडलं होतं: लोक ओढतात निकोटीनसाठी, मरतात डांबराने. निकोटीन अगदीच निरुपद्रवी नाही. नाडी वाढवतं, रक्तवाहिन्या आकसवतं. गरोदर बाईने किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याने ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. पण अमेरिका-कॅनडातल्या ‘लंग हेल्थ स्टडी’त तीन हजारांहून अधिक लोकांनी निकोटीन गम वापरला, काहींनी वर्षानुवर्षं. त्यामुळे हृदयविकाराने रुग्णालयात जाण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही.

आता गोळी चावण्याबद्दल थोडं विस्ताराने, कारण घोडं इथेच अडतं. पुदिन्याच्या चवीची, चकचकीत वेष्टनातली ही वस्तू दिसायला च्युइंगगमसारखी असल्यामुळे लोक ती तशीच कचाकचा चावतात. मग निकोटीन एकदम सुटतं, लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं. शिवाय पोटातून ते आधी यकृतात जातं आणि तिथेच त्यातला मोठा भाग निकामी होतो. म्हणजे त्रास पुरेपूर आणि औषध अर्धवट. दोन दिवसांत ‘मला ती गोळी मानवत नाही’ म्हणून माणूस परत टपरीवर. खरी रीत वेगळी आहे. हळूहळू चावायचं, तिखटसर चुरचुर जाणवली की थांबायचं, गोळी गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायची, चुरचुर ओसरली की पुन्हा चार चावे, पुन्हा दुसऱ्या गालात. असं अर्धा तास. तंबाखूचा बार गालात धरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. सिगारेट ओढणाऱ्याला मात्र लागतं. आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असताना कॉफी, सरबत, कोला घ्यायचा नाही. ते आम्लधर्मी असतात आणि सोड्याने केलेलं काम पुसून टाकतात.

दुसरी चूक कंजूषपणाची. दिवसाला वीस सिगारेटी ओढणारा माणूस दोन-तीन गोळ्या खातो आणि तलफ जात नाही म्हणतो. २ मिलिग्रॅमच्या गोळीतून रक्तात जेमतेम १ मिलिग्रॅम पोहोचतं, तेवढंच एका सिगारेटीतून मिळतं. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक गोळी, पुढे हळूहळू अंतर वाढवत न्यायचं, असा नेहमीचा क्रम आहे. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पेटवणाऱ्यांना ४ मिलिग्रॅमची गोळी लागते, आणि आपल्याकडे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. ‘औषध कमी घेतलेलं बरं’ हा आपला घरगुती नियम इथे उलटा पडतो.

त्वचेवर चिकटवायच्या निकोटीन पॅचची गोष्ट शेतातून सुरू होते. तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, चक्कर असा त्रास होतो. पानांवरच्या दवात निकोटीन विरघळतं आणि त्वचेतून शरीरात जातं. निपाणीकडच्या वाचकांना तंबाखूचं शेत परकं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या शाखेतले मरे जार्विक आणि जेड रोज यांनी १९८०च्या दशकात या त्रासावरूनच उलटा विचार केला. जे नको असताना त्वचेतून जातं, ते हवं तेव्हा मोजून पाठवता येईल का? माणसांवर प्रयोगाची परवानगी मिळेना, तेव्हा त्यांनी तंबाखू स्वतःच्याच त्वचेवर लावून पाहिला. नाडी वाढली. १९९०च्या सुमारास पॅच बाजारात आले.

पॅच म्हणजे ठिबक सिंचन. २१ मिलिग्रॅमचा पॅच चोवीस तासांत तेवढं निकोटीन झिरपवतो. काही आठवड्यांनी १४ चा, मग ७ चा. पातळी सपाट राहते. रोज जागा बदलून, केस नसलेल्या कोरड्या त्वचेवर लावायचा. रात्री फार चमत्कारिक स्वप्नं पडू लागली तर झोपताना काढून ठेवायचा. वापरलेल्या पॅचमध्येही बरंच निकोटीन उरलेलं असतं, तेव्हा तो दुमडून लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकायचा. पण सपाट पातळीची एक मर्यादा आहे. जेवणानंतर किंवा मित्र भेटल्यावर अचानक उसळणाऱ्या तलफेला पॅच वेगाने उत्तर देऊ शकत नाही. म्हणून अंगावर पॅच आणि खिशात गोळी, अशी जोडी देतात. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेनच्या आढाव्यात या जोडीने यशाची शक्यता एकट्या प्रकारापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ही जोडी धोकादायक आहे ही समजूत फार खोलवर रुजली आहे, आणि ती चुकीची आहे.

आता कटू हिशोब. कोणत्याही मदतीशिवाय सोडायचं ठरवणाऱ्या शंभरांतले तीन ते पाचच जण सहा महिने ते वर्षभर टिकतात. कोक्रेनने २०१८ मध्ये १३३ चाचण्या आणि ६४ हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून सांगितलं, की निकोटीन उपचाराने यशाची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढते. समुपदेशन वगैरे मिळून शंभरांतले दहा जण सुटत असतील, तर आता पंधरा-सोळा सुटतील. जाहिरातीत हा आकडा शोभणार नाही. पण एखाद्या शहरातल्या हजारो माणसांना तो लावून पाहिला तर वाचणारे जीव मोजता येतात. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपियॉन ही वेगळ्या जातीची औषधंही आहेत. ती डॉक्टरांनीच द्यायची.

एक सूचना चहाबाजांसाठी. सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातल्या एका एन्झाइमला जोमाने कामाला लावतात, आणि तेच एन्झाइम कॅफिन फोडतं. धूर थांबला की ते थंडावतं. चहा-कॉफी तेवढीच, पण रक्तातलं कॅफिन बरंच जास्त. हात थरथरतात, झोप येत नाही, छातीत धडधडतं. माणूस समजतो सिगारेट सुटल्याचा त्रास, किंवा गोळीचा. पहिल्या आठवड्यात कप निम्मे करून पाहावेत. काही मानसिक आजारांवरच्या आणि दम्याच्या औषधांचंही असंच होतं, म्हणून ती घेणाऱ्यांनी सिगारेट सोडताना डॉक्टरांना सांगायलाच हवं.

हे सगळं झालं सिगारेट-बिडीचं. महाराष्ट्रात प्रश्न उलटा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करतात, तर २४.४ टक्के तंबाखू तोंडात धरतात किंवा मिश्रीसारखी लावतात. निकोटीन उपचारावरचं बहुतेक संशोधन धूम्रपान करणाऱ्यांवर झालं आहे. तोंडातल्या तंबाखूसाठी लॉझेंज, म्हणजे चघळायची गोळी, उपयोगी पडू शकते असं दिसतं. गम आणि पॅचचा पुरावा इथे कच्चा आहे. एक कारण असं असू शकतं. तंबाखूचा बारही निकोटीन हळूहळूच देतो, त्यामुळे वेगातला तो फरक इथे उरतच नाही. त्यात गुटख्यातल्या सुपारीने ज्यांचं तोंड पुरतं उघडत नाही, त्यांना गम चावणं हीच शिक्षा. त्यांच्यासाठी पॅचचा विचार करावा लागतो.

२०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटीन उपचाराचा समावेश झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तो २००९ पासून आहे. तरीही दिवसाला दहा गोळ्या बिडीच्या बंडलापेक्षा महागच पडतात, आणि बिडी ओढणाऱ्याला हा हिशोब कुणी शिकवावा लागत नाही. सरकारी दवाखान्यात गोळी फुकट मिळाली तरच तो बारा आठवडे टिकेल. सल्ला मात्र फुकट आहे. सिगारेटच्या पाकिटावर, भयंकर चित्राच्या शेजारी, १८००-११-२३५६ हा क्रमांक २०१८ पासून छापला जातो. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ साली सुरू झालेल्या या सेवेचं एक केंद्र मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये आहे, आणि पलीकडचा माणूस मराठीत विचारतो, ‘उठल्यावर किती वेळाने पहिली ओढता?’