‘अलाऊ’ म्हणजे काय गं?



आमच्या गटाच्या मासिक बैठकीत एका आक्कांनी नवा फोन माझ्यापुढं धरला. म्हणाल्या, “पोरी, हे सारखं अलाऊ अलाऊ काय विचारतंय गं? मी आपली दाबते आन् पुढं जाते.” सगळ्या हसल्या. मग मी विचारलं, “बाकीच्या काय करता?” तर सगळ्यांचं उत्तर तेच, दाबतो आणि पुढं जातो. म्हणून आज या एका इंग्रजी क्रियापदाबद्दल बोलूया.

अलाऊ म्हणजे परवानगी देणे. मराठीत आपण यासाठी रोज एक सोपी रीत वापरतो. ‘येऊ दे’, ‘बसू दे’, ‘बघू दे’ असं म्हणतो ना? त्यातलं ते ‘ऊ दे’ म्हणजेच अलाऊ. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधले दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ वाखाणणे, दुसऱ्याचा जागा नेमून देणे. हा दुसरा अर्थ ध्यानात ठेवा. अलाऊ म्हणणं म्हणजे कुणाला तरी आपल्याकडं जागा देणं.

हा शब्द तुम्ही पाटीवरही पाहिला असेल. थिएटरच्या दारावर ‘आउटसाइड फूड नॉट अलाऊड’ असं लिहितात, म्हणजे बाहेरचं खाणं आत आणायला परवानगी नाही. तिथं परवानगी देणारा थिएटरवाला आणि मागणारे आपण. पण फोनवर उलटं असतं. तिथं मागणारं ॲप आणि देणाऱ्या आपण. फोन आपला, म्हणून मालकीण आपण. हे एवढं जरी आज लक्षात राहिलं, तरी पुष्कळ झालं.

आता फोनवर येणारं वाक्य फोडून बघू. ते साधारण असं असतं: ‘अलाऊ अमुक ॲप टू ॲक्सेस युवर काँटॅक्ट्स?’ यात तीन गोष्टी आहेत. कुणाला? अमुक ॲपला. काय करू द्यायचं? ॲक्सेस, म्हणजे आत हात घालू द्यायचा. कशात? काँटॅक्ट्समध्ये, म्हणजे आपल्या फोनमधल्या सगळ्या नावानंबरांत. आणि शेवटी असतं प्रश्नचिन्ह. म्हणजे हा हुकूम नाही, प्रश्न आहे. प्रश्नाला ‘नाही’ हेही उत्तर असतं.

याच शब्दाचे काही भाऊबंद फोनवर आणि बँकेत भेटतात. सगळ्यांचा अर्थ एकसारखा वाटतो, पण प्रत्येकाचं काम वेगळं.

‘परमिट’ म्हणजेही परवानगी देणं, पण नियमाची, कागदावरची. रिक्षाचं परमिट आपल्याला माहीत आहे. त्याचंच ‘परमिशन’ होतं.

‘लेट’ हा घरगुती शब्द. ‘लेट मी गो’ म्हणजे मला जाऊ दे.

‘ॲक्सेप्ट’ म्हणजे स्वीकारणं. समोरच्यानं काही पुढं केलं आणि आपण ते घेतलं.

‘ॲग्री’ म्हणजे मान्य असणं. ‘आय ॲग्री’ दाबलं की वर लिहिलेल्या सगळ्या अटी आपल्याला कबूल झाल्या, वाचल्या असोत वा नसोत.

‘अप्रूव्ह’ म्हणजे मंजूर करणं. बँकेचे साहेब आपलं कर्ज अप्रूव्ह करतात. पण फोनवर पैशाच्या मागणीखाली हा शब्द दिसला, तर ते पैसे आपल्या खात्यातून जाणार असतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो द्यायलाच लागतो.

आणि अलाऊच्या उलटा शब्द ‘डिनाय’, म्हणजे नाकारणं. नव्या फोनवर त्याऐवजी ‘डोन्ट अलाऊ’ येतं, म्हणजे परवानगी देऊ नका.

आता म्हणाल, एका शब्दाचं एवढं काय घेऊन बसलीस? तर ऐका. आमच्या भागातल्या एका बाईला शाळा सुरू व्हायच्या तोंडावर पाच हजार रुपये हवे होते. गटाची बैठक लांब होती, म्हणून तिनं फोनवर कर्ज देणारं एक ॲप घेतलं. त्यानं काँटॅक्ट्स मागितले, अलाऊ. फोटो मागितले, अलाऊ. हातात आले पाच हजारांपेक्षा कमी आणि आठवड्यात फेडायचे त्याहून जास्त. एक दिवस उशीर झाला, तर तिच्या भावाला फोन, नवऱ्याच्या मालकाला फोन, गटाच्या अध्यक्षांनाही फोन. काय वाटेल ते बोलले. बाई चार दिवस घराबाहेर पडली नाही. तिला वाटत होतं, यांना नंबर मिळाले कुठून? नंबर तिच्याच बोटानं गेले होते. चूक तिची नव्हती, शब्दाचा अर्थ तिला कुणी सांगितलाच नव्हता.

मैत्रिणींनो, नियम आपल्या बाजूनं आहे. रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली सांगितलं आहे, की कर्ज देणाऱ्या ॲपनं आपली काँटॅक्ट्सची यादी, कॉलची यादी, फोटो, फाइली बघायच्या नाहीत. ओळख पटवण्यापुरता कॅमेरा, माइक किंवा ठिकाण एकदाच मागता येतं, तेही आपण स्पष्ट होकार दिला तर. म्हणून कर्जाच्या ॲपनं काँटॅक्ट्स मागितले, की समजा, पाणी मुरतंय. तिथंच थांबा.

मग काय दरवेळी नाहीच म्हणायचं? नाही. कामाशी मेळ बसतो का ते बघायचं. व्हिडिओ कॉल करायचा तर कॅमेरा आणि माइक लागणारच. रस्ता दाखवणाऱ्या ॲपला आपण कुठं आहोत ते कळायलाच हवं. पण टॉर्चच्या ॲपला आपल्या माहेरच्यांचे नंबर कशाला? गॅस दुरुस्तीवाल्याला आपण स्वयंपाकघरात येऊ देतो, कपाटाची किल्ली देत नाही. तसंच हे.

नव्या फोनवर कॅमेरा, माइक, ठिकाण यांसाठी मधले पर्यायही येतात. ‘व्हाइल यूजिंग द ॲप’ म्हणजे ॲप वापरत असेपर्यंतच. ‘ओन्ली धिस टाइम’ म्हणजे फक्त या वेळी. शंका वाटली तर हा दुसरा निवडा.

आणि दिलेली परवानगी परत घेता येते. सेटिंग्जमध्ये जा, ॲप्स उघडा, त्या ॲपच्या नावावर दाबा, मग परमिशन्स. तिथं जे नको त्याला ‘डोन्ट अलाऊ’ करा. मात्र आधी गेलेली माहिती यानं माघारी येत नाही, म्हणून पहिल्याच वेळी विचार केलेला बरा.

कुणी फसलंच, तर लाजून गप्प बसू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा, पोलिसांत तक्रार द्या, आणि गटातल्या बायांना सांगा. धमकावणारा आपल्या गप्प बसण्यावरच जगतो.

पुढच्या बैठकीला एक काम करा. वहीवर सह्या झाल्या, की प्रत्येकीनं आपल्या फोनमधलं एक ॲप उघडून त्याच्या परमिशन्स मोठ्यानं वाचायच्या. वाचता येत नसेल तर शेजारणीनं वाचून दाखवायच्या. आणि दरवेळी तीनच प्रश्न विचारायचे: कुणाला, काय, कशासाठी?

त्या आक्का परवा भेटल्या. म्हणाल्या, “आता मी आधी विचारते, बाबा रे, तुला काय करायचंय माझ्या नंबरांचं?” मग अलाऊ का डोन्ट अलाऊ, ते त्या ठरवतात.

पुन्हा भेटू. नमस्कार.