मस्कासाथ, नागपूर, 28 फेब्रुवारी 2011

सकाळी 7. शाळा भरली. बाई चौथीचा वर्ग घेतात. 9 तारखेपासून जनगणनेच्या प्रगणकही आहेत.

दुपारी 12:30. डबा स्टाफरूममध्येच. मग पन्नास रुपयांचं पेट्रोल. फॉर्मला घडी घालायची नाही, मशीन वाचणार आहे. म्हणून स्कूटीच्या पायदानावर पुठ्ठ्याचं पॅड आडवं ठेवून बाई ते दोन्ही पायांनी धरतात.

दुपारी 2. कुलूप राहिलेली दोन घरं आज उघडी सापडली. माणशी 29 प्रश्न. एका घरच्या आजी म्हणाल्या, "पुण्याचा पोरगा नाही लिहिला का?" तो राहतो तिथं मोजतील, बाईंनी सांगितलं. "पण घर तर त्याचं हेच होय न," आजी म्हणाल्या. रकाना कोराच राहिला.

रात्री 10. आज बेघरांची गणती. एकाच रात्रीत, जवळपास देशभर. इतवारीची दुकानं मिटलीत. मस्कासाथच्या पायऱ्यांवर हमाल झोपलेत. कुणी शिवनीचा, कुणी बालाघाटचा, बरेच छत्तीसगडचे. चहावाला आवरायला लागलाय. बाईंनी दोन चहा घेतले, दहा रुपये दिले. पावती कुठून येणार!

रात्री 11:20. पोत्यावर झोपलेला एक माणूस उठून बसला. खांद्यावर दोरीचा काळा वळ. बाईंनी टॉर्च दाताखाली धरला, पॅड मांडीवर घेतलं.

"याआधी कुठं राहत होते?"

"कुही तालुक्यात. गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आलं न मॅडम."

पुढचा प्रश्न, स्थलांतराचं कारण. सात पर्याय: काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर, कुटुंबासोबत, इतर. धरण त्यात नाही. बाईंचा पेन थांबला. मी जवळच उभी होते. ते थांबणं मला अजून आठवतं.

"काम लिहा," तोच म्हणाला. "वावर गेलं. पैसा आला, तोही सरला. मंग काम पाहाले आलो."

बाईंनी 'इतर'वरचा पेन उचलला. चौकटीत 'काम'चा 1 लिहिला, कडेला न लागू देता.

रात्री 12. मोजणीचा क्षण हाच, 1 मार्चचे 00:00 तास. पुढे नागपूर शहराचा आकडा आला: 24,05,665. 2001 मध्ये तो 20,52,066 होता. हा माणूस त्या वाढीतला एक.

रात्री 1:40. बाईंनी फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवले. 1 मार्चपासून पाच दिवस त्याच घरांची फेरी, मधल्या काळात कुणी जन्मलं का, कुणी गेलं का ते विचारायला. सकाळी सातची शाळाही आहेच.

हमाल परत आडवा झाला होता. पहाटे चारला ट्रक लागणार होता.